पिल्लाची आई दाखवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी राजगुरुनगरच्या दोन पिढ्यांना प्रश्न विचारायला शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायला मिळतंय, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. विषय कोणता घेणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा ‘दुकानात विकली जाणारी कुत्र्याची पिल्लं’ असं मी सांगितलं. त्यांना तो लहान वाटला. ‘मॅडम, लम्पीवर बोला, दुधाच्या दरावर बोला,’ असं त्यांनी मनापासून सुचवलं. पशुवैद्य म्हणून माझी निम्मी नोकरी याच तालुक्यात गाई-म्हशींच्या मागे गेली. कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताच्या लसी, अडलेल्या गाईंची बाळंतपणं हे सगळं केलं. पण गाईसाठी बोलणारी माणसं या तालुक्यात पुष्कळ आहेत. आज मी ज्या आईबद्दल बोलणार आहे, तिच्यासाठी बोलणारं कोणी नाही. म्हणून विषय बदलला नाही.

चाकणचा जनावरांचा बाजार मी तुम्हाला सांगायला नको. शनिवारी गाय घ्यायला गेलेला आपला शेतकरी काय काय पाहतो, ते आठवा. जबडा उघडून दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळली आहे, ते पाहतो. कासेला हात लावतो, चारी सडांतून धार काढून बघतो. कितवं वेत, मागच्या वेताला दूध किती, वार वेळेवर पडली होती का, हे विचारतो. कालवड घ्यायची असेल तर तिची आई कोणाच्या दावणीची, ती किती दूध द्यायची, याची चौकशी दोन गावं पलीकडे फोन करून करतो. हेडी खोटं बोलला तर पुढच्या शनिवारी तो तिथंच भेटणार असतो, आणि त्यालाही ते ठाऊक असतं.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा पुणे–नाशिक महामार्गावरच्या एखाद्या काचेच्या दुकानात जातो आणि पंधरा-वीस हजार रुपये मोजून पिल्लू घरी आणतो. तो विचारतो, ‘डबल बोन आहे ना? पेपर आहेत का? मोठं झाल्यावर केवढं होईल? मुलांना चावणार नाही ना?’ त्याची आई कुठं आहे, हे तो विचारत नाही. घरी आल्यावर आजीही विचारत नाही. गोठ्यात आयुष्य गेलेल्या माणसांनाही हा प्रश्न त्या काचेपुढे सुचत नाही.

दुकानातला पिल्लांचा सगळा धंदा या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. दुकान म्हणजे आई आणि पिल्लू यांच्यामध्ये उभी केलेली भिंत. भिंतीच्या या बाजूला रंगीत पट्टा, गोड तोंड आणि वातानुकूलित खोली असते. पलीकडे काय असतं, ते मी कधी कधी माझ्या टेबलावर पाहते.

एका पावसाळ्यात भीमेच्या काठच्या उसाच्या बांधावर सापडलेली एक कुत्री काही मुलांनी माझ्याकडे आणली. जात लॅब्रॅडॉर. दातांवरून वय पाच-सहा वर्षांचं, पण सुळे घासून निम्मे झालेले. लोखंडी जाळी वर्षानुवर्षं चावणाऱ्या कुत्र्याचे सुळे असेच झिजतात. दोन्ही कोपरांवर आणि ढोपरांवर घट्टे होते, म्हणजे झोपायला नुसता सिमेंटचा कोबा. नखं वाढून आत वळलेली, कारण चालायला जागाच नसावी. पंजे सतत लघवीत राहून पिवळे पडलेले. सड लोंबून पोटाखाली हलत होते आणि त्यांतल्या एकात लिंबाएवढी गाठ. गर्भाशयात पू झाला होता, आणि तिला टाकून देण्याचं कारणही तेच असणार. पू झालेल्या पिशवीत पिल्लं राहत नाहीत आणि पिल्लं न देणारी कुत्री पोसायला खर्च येतो. मुलांनी तिला दवाखान्यामागच्या गवतावर सोडलं तर ती पहिलं पाऊल टाकेना. पायाखाली काय आलंय हे तिला कळत नव्हतं. मायक्रोचिप नव्हती, पट्टा नव्हता, चौकशीला कोणी आलं नाही. पिशवी काढली, गाठ काढली, ती वाचली. आता ती एका शिक्षिकेच्या घरी अंगणात झोपते.

अशा कुत्रीने आयुष्यात किती पिल्लं दिली असतील, याचा हिशेब कठीण नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांनी विते. लॅब्रॅडॉरला एका वेताला सहा, आठ, कधी दहा पिल्लं होतात. पहिल्या माजापासून प्रत्येक माजाला नर दाखवला तर वर्षाला दोन वेतं होतात. आपण गाईलासुद्धा व्याल्यावर लगेच भरवत नाही. पुढच्या विण्याआधी दोन महिने तिला आटवतो, कारण तिचं शरीर भरून यावं लागतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये हे ज्ञान गुंडाळून ठेवलं जातं, कारण तिथं कुत्रीला पुढचं वय असतंच कुठं?

आता पिल्लाकडे येऊ. कारण आईबद्दल काही वाटत नसेल, तरी घरात आणलेल्या पिल्लाबद्दल प्रत्येकाला वाटतं.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचा चीक पितं. रोगाशी लढण्याची पहिली ताकद त्यातून येते. ती सहाव्या आठवड्यानंतर उतरू लागते, कोणात लवकर, कोणात उशिरा. म्हणून आम्ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतो आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतो. आईची ताकद उतरलेली आणि लशीची अजून चढलेली नाही, अशी एक फट मधे राहते. पिल्लू आईपासून तोडून, वाहनात घालून, अनोळखी पिल्लांमध्ये ठेवायला सगळ्यांत वाईट काळ तोच. दुकानाला मात्र पिल्लू तेव्हाच हवं असतं, कारण तेव्हा ते सगळ्यांत गोंडस दिसतं. तीन महिन्यांचं झालं की पाय लांब होतात, तोंड बदलतं आणि भाव उतरतो.

या फटीत पार्व्हो शिरतो. १९७८च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. तो फार चिवट आहे. पिंजऱ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, टोपलीच्या कापडात महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाइलने जात नाही. चार ठिकाणांहून आलेली पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवली की एकाचं दुखणं चौघांना होतं, आणि ती चौघं गेली तरी तो पिंजरा पाचव्यासाठी तयार असतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो, हे जरा ध्यानात ठेवा. म्हणजे पिल्लू दुकानात खेळतं, उड्या मारतं, गिऱ्हाइकाचं बोट चाटतं. मंगळवारी घरी येतं. शनिवारी खाणं सोडतं. रविवारी रक्ताची जुलाब-उलटी सुरू होते. सोमवारी बाप आणि लेक बुटांच्या खोक्यात पिल्लू घेऊन माझ्या दारात उभे राहतात. दुकानदाराला फोन केला तर तो सांगतो, ‘आमच्याकडे होतं तोपर्यंत ठणठणीत होतं, तुमच्याकडे आल्यावर आजारी पडलं.’ दोन्ही वाक्यं वरवर खरी असतात, म्हणून त्याला धरता येत नाही. मी सलाईन लावते, उलटीचं औषध देते, रात्र काढते. काही वाचतात. जे वाचत नाही, त्याचं नाव मुलीने एव्हाना ठेवलेलं असतं.

सोबत आणलेलं लसीचं कार्ड मी नेहमी मागून घेते. एक कार्ड माझ्यासमोर असं आलं होतं की त्यावर लशीचं रंगीत स्टिकर होतं, तारीख होती, पण डॉक्टरचं नाव नव्हतं, सही नव्हती, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. स्टिकर खरं होतं. ती लस पिल्लाच्या अंगात गेली की नाही, थंड पेटीत ठेवली होती की नाही, हे सांगायला जगात एकही माणूस नव्हता.

आजारातून सुटलेल्या पिल्लाचंही नुकसान होतंच. तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्रं जग शिकतं. भावंडाला जोरात चावलं तर ते केकाटतं आणि खेळ बंद होतो, यातून दातांचा जोर किती लावायचा ते कळतं. आई गुरगुरून अडवते, यातून थांबायचं कळतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू हा धडा चुकवतं आणि मग तुमच्या नातवाच्या हातावर तो गिरवतं. ‘पिसाळल्यासारखं चावतं, काय करू?’ असं विचारत येणाऱ्या घरांना मी पिल्लाचं आणलेल्या दिवशीचं वय विचारते. बहुतेकांना ते माहीत नसतं.

हे सगळं कायद्याला माहीत नाही असं नाही. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. दोन्ही १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणी पैदास करायची नाही आणि दुकानही चालवायचं नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिची पैदास घ्यायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत. मायक्रोचिप लावायची, नोंदवही ठेवायची. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांना कुत्र्याचं शरीर कळत होतं. एक पशुवैद्य म्हणून त्यातलं बरंचसं मी जसंच्या तसं मान्य करीन.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली दंडाची. १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. एका पिल्लामागे दहा हजार सुटत असताना पन्नास रुपयांना कोण घाबरणार? दंड वाढवणारा सुधारणेचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांपुढे ठेवला होता, तो कायदा व्हावा म्हणून आपल्या खासदारांना आपण विचारलं पाहिजे.

दुसरी अडचण दंडापेक्षा मोठी आहे. तपासणीला येणारा माणूस दुकानात येतो. त्याला काच दिसते, पंखा दिसतो, पाण्याची वाटी दिसते, नोंदवही दिसते. कुत्री दिसत नाही. ती तिसऱ्याच तालुक्यात, कदाचित तिसऱ्याच राज्यात, एखाद्या शेडमध्ये असते. मधे एक सप्लायर असतो आणि पिल्लं रात्रीच्या खासगी बसच्या डिकीतून फळांच्या क्रेटमध्ये येतात. दुकान कितीही स्वच्छ ठेवा, नियम कितीही चांगले करा, आईपर्यंत दुकानाच्या दारातून पोचताच येत नाही. म्हणून ‘दुकानांवर नीट नियंत्रण ठेवा’ एवढ्यावर मी थांबत नाही. दुकानातून पिल्लांची विक्री बंद झाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं नवं नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२०पासून तसा नियम लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानाने किंवा मधल्या दलालाने विकायचं नाही. ज्याने पैदास केली त्याच्याच जागेत, आईबरोबर दाखवूनच ते विकायचं. लोक त्याला ‘लूसीचा कायदा’ म्हणतात. लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची लहानशी कुत्री. वेल्समधल्या एका पैदास-शेडमधून २०१३ साली तिची सुटका झाली, तेव्हा पिंजऱ्यात राहून तिच्या कण्याला बाक आला होता. २०१६च्या अखेरीस ती गेली. मार्क अब्राहम नावाच्या पशुवैद्याने तिच्या नावाने चळवळ चालवली आणि पार्लमेंटला कायदा करायला लावला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९पासून दुकानांना फक्त निवारा संस्थांकडचे प्राणी ठेवायची मुभा दिली. न्यूयॉर्क राज्याचा तसा कायदा डिसेंबर २०२४मध्ये लागू झाला. फ्रान्समध्ये २०२४च्या सुरुवातीपासून दुकानात कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे. या सगळ्या ठिकाणी आधी नियंत्रण करून पाहिलं होतं, आणि अनुभवाने ते विक्री बंद करण्यापर्यंत आले. आपल्याकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या प्राण्यांच्या विक्रीविरुद्ध प्राणिमित्रांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, उच्च न्यायालयाची दारं ठोठावली. ते काम मोठं आहे. पण एक बाजार हलवला तर दुसरा उभा राहतो, आणि हल्ली मोबाईलवरच्या गटांमध्ये तर दुकानाची काचही लागत नाही.

आपल्या तालुक्यात हे आत्ताच का वाढलं, यावर जरा सविस्तर बोलते, कारण इथल्या माणसांनीच ते समजून घ्यायला हवं.

चाकण एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, पैसा आला. निघोजे, महाळुंगे, भांबोलीपासून इकडे राजगुरुनगरपर्यंत गोदामं, सोसायट्या, गुंठ्या-दोन गुंठ्यांचे बंगले आणि फार्म हाऊस उभी राहिली. गोदामाला राखण हवी, बंगल्याला शोभा हवी, सोसायटीतल्या एकट्या लेकराला सोबत हवी. या तिन्ही गरजा खऱ्या आहेत, त्यांना नावं ठेवायला मी आलेले नाही. पण तिन्हींसाठी माणूस एकाच दुकानात जातो आणि एकाच काचेतून निवडतो. मग पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मे महिन्यात, सायबेरियन हस्की धापा टाकताना दिसतो. ज्याचं नाक चपटं करण्यासाठीच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली, तो पग जिना चढताना निळा पडतो. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे पळणारा पग देशाने पाहिला आणि तेव्हापासून त्याची मागणी चढली. श्वास अडकणाऱ्या जातीला आपण घराघरात नेलं. कंपनीतल्या साहेबाची बदली झाली की कुत्रं मागे राहतं. भाड्याच्या घरात ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’ असं कळलं की मागे राहतं. हौस फिटली की मागे राहतं.

फार्म हाऊसवर मागे राहिलेल्या कुत्र्याचं काय होतं, ते वनखात्याला विचारा. आपला तालुका जुन्नर वनविभागात येतो. उसात बिबट्या आहे, हे आता लहान मुलंसुद्धा जाणतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गावातलं मोकळं कुत्रं निदान पळू शकतं, भुंकून दुसऱ्यांना उठवू शकतं. साखळीने खांबाला बांधलेलं रॉटवायलर काय करणार? मी पट्ट्यासकट तुटलेली साखळी पाहिली आहे. आणि कुत्र्याच्या वासाने अंगणापर्यंत आलेला बिबट्या पुढच्या खेपेला कुत्र्यावरच थांबेल, याची हमी कोणी देणार नाही. राखणीसाठी आणलेलं कुत्रं बिबट्याला घरापर्यंत बोलावतं, हे राखण करणाऱ्याला समजलं पाहिजे.

जे बिबट्याच्या तावडीतून सुटतात ते रस्त्यावर येतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिला आणि देशभर लोक दोन बाजूंना उभे राहिले. गावोगावी वाद झाले, आपल्याकडेही झाले. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचा संताप मला समजतो. रेबीजने गेलेला माणूस ज्याने पाहिलाय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पण २०२३च्या नियमांनुसार कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा भार नगरपरिषदेवर आहे. एकेका शस्त्रक्रियेवर सार्वजनिक पैसा जातो. आणि त्याच गावात, त्याच रस्त्यावर, नोंदणी नसलेल्या शेडमधून वर्षाला शेकड्याने पिल्लं बाजारात येऊ दिली जातात. एक नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसायचं, असं हे काम आहे. मार्च २०२४मध्ये केंद्राने तेवीस ‘हिंस्र’ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातीवर बोट ठेवण्याऐवजी ते कुत्रं कुठल्या शेडमध्ये, कोणत्या वयात, कोणाच्या हातून विकलं गेलं यावर बोट ठेवलं असतं, तर जास्त उपयोग झाला असता असं मला वाटतं.

आता माझ्याशी सहमत नसलेल्यांचं ऐकू. त्यातले काही या सभागृहात आहेत, आणि ते आले याचा मला आनंद आहे.

जमीन गेलेल्या घरातला तरुण मला म्हणतो, ‘मॅडम, शेळ्यांचं शेड रिकामं होतं, त्यात दोन कुत्र्या आणल्या. कंपनीत कंत्राटावर घेतात आणि सहा महिन्यांनी काढतात. मी काय करू?’ त्याचा प्रश्न मी टाळणार नाही. त्याने कुत्री पाळावी, तिची नोंदणी करावी, वर्षाआड एक वेत घ्यावं, पिल्लं आठ आठवडे आईजवळ ठेवावीत आणि घरी आलेल्या माणसाला आई दाखवून विकावीत. दुकानविक्री बंद झाली तर त्याचं नुकसान होत नाही. उलट मधला सप्लायर जातो आणि तो जे मिळवत होता ते याच्या हाती येतं. नुकसान होईल ते आई दाखवण्याची ज्याला लाज वाटते त्याचं. दुकानांचंही तेच. खाद्य, पट्टे, औषधं, केस कापणं, आंघोळ यांवर त्यांचा गल्ला भरतो. जिवंत पिल्लाची जागा निवारा संस्थांकडून आलेल्या, दत्तक द्यायच्या कुत्र्यांना द्यावी, कॅलिफोर्नियाच्या दुकानांनी तेच केलं.

‘मग चांगलं कुत्रं आणायचं कुठून?’ असंही विचारतात. आपल्याकडे कुत्र्याची परंपरा काचेच्या दुकानाने आणलेली नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली, ती आजही आहे. लातूर, सोलापूर, सांगलीकडचा कारवान, सीमेपलीकडचा मुधोळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखण केली. मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीट २००५ साली निघालं आणि पुढे सैन्यानेही त्याला घेतलं. दिवाळीनंतर आपल्या शिवारात मेंढरं बसवायला येणारे धनगर बांधव बघा. त्यांच्या कळपाभोवती फिरणाऱ्या कुत्र्यांना कोणी पेपर दिलेला नाही, पण त्या कुत्र्याची आई, आजी त्याच वाड्यावर असते. गावठी पिल्लू आपल्या उन्हाला, आपल्या पावसाला, आपल्या भाकरीला जन्मतःच सरावलेलं असतं. मात्र देशी जातींचाही उद्या बाजार मांडला, त्यांच्याही आया शेडमध्ये कोंडल्या, तर माझं म्हणणं तेच राहील.

एक जुनी आठवण या गावाला करून द्यायचा मला हक्क आहे, कारण मी तेव्हा इथंच नोकरीला होते. १९६०चा कायदा आपल्या तालुक्यात घराघरात पोचला तो बैलगाडा शर्यतींमुळे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ला शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या सगळ्या वर्षांत गाडामालक एकच गोष्ट सांगत होते की बैल आम्ही पोटच्या पोरासारखा जपतो, येऊन बघा. आज शर्यतीच्या घाटात गाडा जुंपण्याआधी पशुवैद्यक बैल तपासतो, ते त्यांनी मान्य केलं. मला शर्यतींबद्दल स्वतःची मतं आहेत, ती आज बाजूला ठेवते. पण ‘येऊन बघा’ म्हणण्याची हिंमत ज्या तालुक्याने दाखवली, त्याने पिल्लं विकणाऱ्यालाही तेच म्हणायला लावावं. आई दाखव, येऊन बघतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र शासनाने सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू दुकानातून, दलालाकडून किंवा मोबाईलवरून विकायला बंदी करावी आणि विक्री फक्त नोंदणीकृत पैदासकाराच्या जागेतून, आईसमोर व्हावी. तोपर्यंत राजगुरुनगर, चाकण आणि आळंदी या तिन्ही नगरपरिषदांनी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक दुकानाची राज्य मंडळाकडची नोंदणी तपासून ती यादी लोकांपुढे लावावी. नोंदणी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला कळवावं. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात मुलं पिल्लासाठी हट्ट धरून बसली आहेत, त्यांनी काही महिने थांबावं, निवाऱ्यातलं किंवा गल्लीतलं पिल्लू घ्यावं. विकतच घ्यायचं असेल तर जिथं आई दाखवत नाहीत तिथून रिकाम्या हाताने परत यावं.

या मागण्यांचं निवेदन दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. ते पुढच्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांना आणि पशुसंवर्धन आयुक्तालयाला द्यायचं आहे. नीट वाचा, पटलं तर सही करा, आणि सही करताना आपल्या गावाचं नाव लिहायला विसरू नका.